पिशवीची पाठवणी

पित्त खवळले की माणूस घर डोक्यावर घेतो. पण ते पित्त साठवणाऱ्या पिशवीची आठवण ती दुखेपर्यंत कोणाला होत नाही.

माझ्या पित्तनलिकेत खडा अडकला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टरांनी तो काढला, कावीळ उतरली. घरात आनंदीआनंद! तोच डॉक्टर म्हणाले, "आता पित्ताशयही काढू."

"खडा गेला ना? मग पिशवीने काय घोडे मारले?" सौभाग्यवतींचा सवाल.

"वहिनी, खडे होतात ते तिथेच. आणखी एखादा नलिकेत उतरला, तर पुन्हा कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. पित्त तयार करते यकृत. पिशवी नुसते साठवते. ती गेली तरी पित्त आतड्यात उतरतच राहते."

१८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी पहिले पित्ताशय काढले ते पोट उघडून. पुढे शंभर वर्षे तीच रीत. १९८५ साली जर्मनीतच म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढले; भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी.

माझ्या पोटावर चार बारीक छिद्रे पडली. दुसऱ्याच दिवशी घरी आलो. खांदा तेवढा ठणकत होता. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूची ती करामत! पिशवीतले खडे डॉक्टरांनी डबीत घालून दिले होते. सौभाग्यवतींनी मोजले. सोळा भरले.

दुखणे थांबणे आणि दुखण्याचे मूळ जाणे, यांत त्या सोळा खड्यांचे अंतर असते.