एक मिनिट

ताम्हिणीकडून पाऊस उतरतोय. पौडच्या पलीकडच्या एका वाडीवर आज आशाताईंबरोबर गेले होते. बाळाच्या सातव्या दिवसाची भेट. घरची सगळी माणसं भातलावणीला, बाळंतिणीजवळ तेवढी आजी. ताईंनी हात धुतले, बाळाला झोळीत घालून काटा उचलला. २ किलो २०० ग्रॅम. मग दुपटं जरा बाजूला सारून श्वास मोजू लागल्या, घड्याळावर पुरतं एक मिनिट. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना गाठायचा. ४३ भरले. माझा जीव भांड्यात पडला.

अहवाल, बैठका, धोरणांचे मसुदे यांत माझी वर्षं गेली. हे मिनिट मात्र गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची अशी घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. 'लॅन्सेट'मध्ये ते १९९९ साली छापून आलं. देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे हे काम आलं २०११ मध्ये. मधली बारा वर्षं मला अजून टोचतात.

"अंघोळ घालू का गं?" आजींनी विचारलं.

"नको आजी, नुसतं पुसा. उबेत राहू दे. चौदाव्या दिवशी येतेच मी."