पंक्तिप्रपंच

चाळिशी उलटली, की माणसाला काही ना काही नाद लागतोच. कुणाला वारीचा, कुणाला होमिओपॅथीचा. मला लागला तैलचित्रांचा. आणि आरंभ कशाने केला, तर लिओनार्दो दा व्हिंचीच्या ‘शेवटच्या भोजना’ची नक्कल करण्याने! एक पेरू धड काढता येत नसताना एकदम तेरा माणसे! घरच्यांनी हात टेकले.

गुरू मिळाले ते इंदापूरचे, दुकानांच्या पाट्या रंगविणारे एक वृद्ध पेंटर. दर रविवारी बारामतीहून एस. टी. गाठायची. पहिला धडा जवसाच्या तेलाचा. जवस आम्हांला चटणीपुरते ठाऊक! खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा तेलकट. उलटे केले की रंग तडकतो. मी नेमके उलटेच केले. पीटरच्या अंगरख्याला भेगा पडल्या. लिओनार्दोने १४९५ ते १४९८च्या सुमारास मिलानच्या मठातील भोजनगृहात कोरड्या भिंतीवर हे चित्र काढले आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले, हे वाचून जरा धीर आला.

अडलो तो ज्यूडासपाशी. विश्वासघातकी म्हणून त्याच्या तोंडावर मी काळा रंग थापला. थापताना मनात चेहरा होता माझ्या थोरल्या भावाचा. कालव्याच्या पाणीपाळीवरून सहा वर्षे आमचे बोलणे बंद होते. दादा इंदापुरातच राहतो. दर रविवारी त्याच्या आळीवरून जात होतो. उंबरा मात्र चढलो नव्हतो.

“गुरुजी, काळा कशाला ओतताय?” पेंटर म्हणाले. “उजेड डावीकडनं येतोय. त्या गड्यानं उजेडाला पाठ केलीय, म्हणून तोंडावर सावली. बाकी कातडीचा रंग सगळ्यांचा तोच!”

मग चित्र नीट पाहिले. आधीचे फ्लॉरेन्सचे कास्तान्यो, गिर्लांदायो ज्यूडासला मेजाच्या अलीकडे एकटा बसवीत. लिओनार्दोने हा पंक्तिप्रपंच केला नाही. ज्यूडास बाराजणांच्या रांगेतच आहे. त्याचा आणि येशूचा हात एकाच ताटाकडे निघाला आहे. त्या दोन हातांमधली बोटभर जागा रंगवायला मला दोन महिने लागले.

चित्र पुरे झाले. थॉमसचे बोट फार लांब झाले आहे, ते असो. पाडव्याला फराळाचा डबा घेऊन दादाच्या दारात उभा राहिलो. त्याने डब्याकडे पाहिलेदेखील नाही. आत वळून वहिनींना म्हणाला, “अजून एक पान मांड.”

जेवताना पाण्याचा विषय निघाला नाही. तो अजून निघायचा आहे.