मीठ आणि मसाला

आपण सहज विचारतो, "भाजीत मीठमसाला घातला का?" हे शब्द असे जोडीने येतात, की त्यांची कामं वेगळी आहेत हे लक्षातच येत नाही. पण स्वयंपाकघरातली मांडणी बघा. मोहरी, जिरे, हळद, हिंग मिसळणाच्या डब्यात. मीठ मात्र वेगळ्या बरणीत. पाककृतीतही मसाला चमच्याने मोजलेला असतो आणि मीठ 'चवीनुसार'.

मसाल्याचं काम मुख्यतः वासाचं. त्याचा स्वाद गरम तेला-तुपात छान उतरतो, म्हणून आधी फोडणी. मीठ, चिंच, गूळ यांचं काम जिभेवर. सर्दीने नाक चोंदलं की आमटीतला गोडा मसाला कळेनासा होतो, पण खारट, आंबट, गोड कळतंच. (मिरची दोन्हीकडे बसत नाही, तिची नुसती आग!) आणि गोडा मसाला नावाचाच गोड, आमटीला गोडी येते ती गुळाची.

हा फरक एरवी गप्पांपुरताच राहिला असता. पण ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. हे अळणी आमटी मुकाट्याने जेवत. पण ४८ वर्षं चवीने जेवणारा माणूस पानावरून लवकर उठू लागला, ते मला बघवेना.

मसाला वाढवून मिठाची जागा भरत नाही. लिंबू, आमसूल यांनी थोडी भरते. चाट मसाल्यात मात्र मीठ असतंच, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

मग आपली पान वाढायची जुनी रीत आठवली. मीठ आणि लिंबू पानात वेगळं वाढायचं. मसाला रांधणाऱ्याच्या हाती, पण मीठ जेवणाऱ्याच्याही हाती! मुलगी म्हणाली होती, "आई, बाबांची आमटी वेगळी काढत जा." मी नाही म्हटलं. आता पातेलं एकच, मीठ अगदी कमी. हे लिंबू पिळून घेतात, मी माझ्या पानात चिमूटभर मीठ घेते. या वयात दोघांनी एका पातेल्यातलं जेवावं, एवढंच मला हवं होतं...