मला आधी का नाही सांगितलंस?

गेली अठ्ठावीस वर्षे मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. अँजिओग्राफीचा अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलासमोर बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, ‘डॉक्टर, जिवाला धोका नाही ना?’ बारा वर्षांपूर्वीपर्यंत मी या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत असे. आज थांबत नाही. त्याचे कारण माझ्या घरातच घडले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एस.टी.मध्ये कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्र्याहत्तराव्या वर्षी ती फेरी अर्ध्यावर थांबू लागली. चढ लागला की छातीवर दडपण येई. तपासणीत हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले. मधुमेह जुना होता. पुण्याच्या सर्जनांनी बायपासचा सल्ला दिला.

सर्जन माझ्याशी जवळजवळ अर्धा तास बोलले. मी डॉक्टर असल्याने सारे संभाषण आमच्या भाषेत झाले आणि मी मान डोलावत राहिलो. बाहेर बाकावर आई बसली होती. तिला मी एवढेच सांगितले, “तुंबलेल्या नळाला बाजूने दुसरी वाट काढून देतात तसं आहे. आठ दिवसांत घरी.” तिला रक्तदाबाचा त्रास होता. उगाच घाबरेल, असे मला वाटले. आपण तिला जपतो आहोत, अशीच माझी समजूत होती.

शस्त्रक्रियेत काय होते ते थोडक्यात सांगतो. छातीच्या मधोमध असलेले उरोस्थीचे हाड उभे कापून छाती उघडतात. छातीच्या भिंतीच्या आतून जाणारी धमनी, पायाची शीर किंवा हाताची धमनी वापरून अडथळ्याच्या पलीकडे रक्त पोहोचवणारी नवी वाट जोडतात. काही वेळा औषधी द्रावणाने हृदय थांबवून रक्ताभिसरणाचे काम हार्ट-लंग मशीनकडे सोपवतात. काही वेळा धडधडत्या हृदयावरच टाके घालतात. झडपेची शस्त्रक्रिया असेल तर बहुधा यंत्राची मदत लागते. काम संपल्यावर हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा आयुष्यभर आतच राहतात. साधारण तीन ते सहा तास लागतात.

हे आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. भारतातील पहिली बायपास डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात केली. आज मध्यम शहरांतही या शस्त्रक्रिया होतात. आधीपासून ठरवून केलेल्या, गुंतागुंत नसलेल्या बायपासमध्ये जिवाचा धोका साधारणपणे शंभरात एक ते तीन इतका असतो. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा कमजोर हृदय असेल तर तो वाढतो. ‘आमच्या माणसाच्या बाबतीत किती?’ असे सर्जनना स्पष्ट विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

अण्णांची शस्त्रक्रिया उत्तम झाली. संध्याकाळी आईला अतिदक्षता विभागात दोन मिनिटांसाठी आत सोडले. अण्णांच्या तोंडात श्वासाची नळी होती, मानेत आणि मनगटात सुया होत्या, छातीतून दोन जाड नळ्या बाटलीकडे गेल्या होत्या आणि त्यांत लाल पाणी दिसत होते. चेहरा सुजलेला, हात थंड. आई काही न बोलता बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. “सगळं ठीक आहे,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत श्वासाची नळी निघाली होती. अण्णा दोन शब्द बोलले, चहा मागितला. खरी परीक्षा दुसऱ्या रात्री झाली. अडीचच्या सुमारास आम्हाला आत बोलावण्यात आले. अण्णा उठून बसण्याची धडपड करीत होते. “पुढे सरका, पुढे सरका, मागं जागा मोकळी आहे,” असे ते मोठ्याने म्हणत होते. सलाइनची नळी घंटीची दोरी समजून त्यांनी ती दोनदा ओढली. डबल बेल, म्हणजे गाडी सुटू दे. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे परक्या नजरेने पाहत विचारले, “तुमचं तिकीट?”

मला ही अवस्था माहीत होती. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः वयस्कर रुग्णांत, काही काळ असा भ्रम होतो. भूल, वेदनाशामक औषधे, मोडलेली झोप, न विझणारे दिवे आणि यंत्रांचे आवाज ही त्याची कारणे असतात. बहुतेकांत तो काही दिवसांत ओसरतो. पण जे मला पुस्तकातून ठाऊक होते, ते आईच्या दृष्टीने तिच्या संसाराचा शेवट होता. बाहेर येताच ती म्हणाली, “ह्यांचं डोकं गेलं. हृदय वाचवलं आणि डोकं घालवलं.”

“नाही ग आई, असं होतं कधीकधी. दोन-तीन दिवसांत उतरेल.”

“होतं? म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे दोन दिवस मी जे जे सांगितले, त्यातले काहीही तिने खरे मानले नाही. रक्तदाब चांगला आहे म्हटले तरी ती परिचारिकेला पुन्हा विचारून येई. जेवणाला तिने हात लावला नाही. तिला भीती वाटू नये म्हणून मी जे लपवले, त्याची किंमत अशी की धीर देण्याची वेळ आली तेव्हा माझ्या शब्दाला वजनच उरले नव्हते.

त्या रात्री एका तरुण परिचारिकेने विचारले, “आजोबांचा चष्मा कुठे आहे?” तो माझ्या पिशवीत होता. शस्त्रक्रियेपूर्वी चष्मा, कवळी, अंगठी काढून माझ्याकडे दिली होती आणि मी ती दोन दिवस तशीच घेऊन फिरत होतो. तिने अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, भिंतीवरचे घड्याळ दाखवले, दिवस आणि गाव सांगितले, आईला जवळ बसवून त्यांच्याशी बोलायला सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मला नावाने हाक मारली आणि ओशाळून विचारले, “रात्री मी काय बडबडलो रे?”

तेव्हापासून माझ्या दवाखान्यातून शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी वेळ देतो. रुग्णासोबत ज्याला रात्री बाकावर बसायचे आहे, त्यालाही बोलावतो. मी जे सांगतो, ते येथे क्रमाने मांडतो.

जाण्यापूर्वी सर्व औषधांची यादी लिहून न्यावी. रक्त पातळ करणारी काही औषधे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या आधी काही दिवस बंद कराव्या लागतात, काही चालू ठेवायच्या असतात. हा निर्णय सर्जनचाच, आपल्या मनाने काही करू नये. तंबाखू, विडी, मिसरी त्याच दिवशी सोडावी. दात-हिरड्यांचा त्रास असेल तर सांगावा, झडपेच्या रुग्णाने तर अवश्य. पैशांची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना आधी भेटावे.

शुद्धीवर येताना तोंडात नळी असेल. बोलता येणार नाही, घसा कोरडा पडेल. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात सैल बांधलेले असू शकतात. ही शिक्षा नव्हे. काही तासांत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत नळी निघते. होय-नाहीसाठी कोणत्या खुणा करायच्या ते घरीच ठरवून जावे. छातीतल्या नळ्यांतून लालसर पाणी येणे अपेक्षितच असते. त्या बहुधा एक-दोन दिवसांत काढतात.

लगेच श्वासाचे व्यायाम सुरू होतात. तीन गोळ्यांचे ते छोटे यंत्र खेळण्यासारखे दिसते, पण फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होऊ नये म्हणून ते महत्त्वाचे आहे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. वेदना लपवू नयेत. वेदना दाबून ठेवणारा माणूस खोल श्वास घेत नाही आणि त्याचा त्रास वाढतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. दर तीन-चार रुग्णांपैकी एकाला असे होते आणि बहुतेकांत ते औषधांनी आटोक्यात येते. भ्रमाविषयी मी आता न चुकता सांगतो. चष्मा आणि श्रवणयंत्र परत देण्याची आठवण नातेवाइकांनी करावी. रुग्ण भलतेच बोलला तर वाद घालू नये, चिडू नये. शांतपणे आपले नाव, वार, गाव सांगत राहावे. मात्र चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हात किंवा पाय लुळा पडणे हा भ्रम नव्हे. तसे दिसताच क्षणाचाही विलंब न करता कर्मचाऱ्यांना सांगावे.

सारे सुरळीत असेल तर आठवड्याभरात घरी सोडतात. त्यानंतरचे दिवस अनेकांना अधिक जड जातात, कारण आता काचेपलीकडे परिचारिका नसते. भूक लागत नाही, अन्नाची चव बदलते, झोप तुटते, ज्या पायातून शीर काढली तो सुजतो, छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा राहतो. सहसा न रडणारी माणसे क्षुल्लक कारणाने रडतात. हे आठवड्यांगणिक कमी होते. उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलावे. तिच्यावर उपचार आहेत.

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण भक्कम व्हायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोहून अधिक वजन उचलू नये. पाण्याची बादली नाही, नातवंड नाही. उठताना हातांवर जोर देऊ नये. काही आठवडे भारतीय बैठकीऐवजी कमोड वापरावा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. सहा आठवडे तरी वाहन चालवू नये. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून, रोज थोडे वाढवत न्यावे.

ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, छातीचे हाड हलताना कट्कट् वाजणे, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे, आडवे पडल्यावर धाप लागणे, छातीत धडधड, पोटरीत दुखून सूज येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

आणि एक गोष्ट अण्णांनाही मला पुनःपुन्हा सांगावी लागली. बायपासने रक्ताला नवी वाट मिळते, जुना आजार जात नाही. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, साखर आणि रक्तदाबाची औषधे ‘आता बरं वाटतं’ म्हणून सोडली, तर नवी वाटही तुंबते.

एवढे सारे ऐकून माणसे घाबरत नाहीत का, असे मला विचारतात. थोडी घाबरतात. काही जण म्हणतात, “डॉक्टर, एवढं नका सांगू.” त्यांना मी एकदम सारे सांगत नाही, पण घरातल्या एकाला तरी सांगतोच. माझ्या अनुभवात, आधी नाव कळलेली भीती आटोक्यात राहते. अनोळखी भीती मात्र रात्री अडीचला बाकावर एकट्या माणसाला गाठते.

गेल्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतील एका शेतकऱ्याच्या पत्नीची बायपास झाली. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. मी दचकून उठलो. तो हळू आवाजात म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाला होता तशी रात्र आज आलीय. मला तिचा भाऊ समजतेय. सिस्टरनी आत बोलावलंय, चष्मा लावलाय, हात धरून बसलोय. तसं काही नाही, तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला.”

सकाळी चहाच्या वेळी मी ही हकिगत आईला सांगितली. अण्णा समोरच पेपर वाचत होते. आता ते पंच्याऐंशी वर्षांचे आहेत आणि स्टँडपर्यंतची फेरी अजून चुकत नाही. आईने थोडा विचार केला.

“त्याला झोप लागली असेल का रे मग रात्री?”

“थोडी तरी लागली असेल.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मला लागली नव्हती.”