मऊ आमिष, ताठ काठी

मराठीचा अभ्यासक ‘मानसोल्लासा’पर्यंत पोहोचतो तो बहुधा ओवीचे बोट धरून. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या, इ.स. ११२९ च्या सुमाराच्या या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तेवढा वर्गात सांगून आपण ग्रंथ मिटतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्याविषयी आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लिहिले. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो आणि त्याला काय खाऊ घालावे, याचा राजाने केलेला विचार वाचून मी थक्क झालो होतो. आधी मासा ओळखावा आणि साधनाचा विचार मागाहून करावा, हा त्यातून मी घेतलेला धडा. तो उपयोगी पडला तो चाळिशी उलटल्यावर, गळाची नवी काठी विकत घेताना.

माझे आजोळ भोगावतीकाठचे. मामांची काठी बांबूची, तिला तंगूस बांधलेला, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. त्या काठीची निवड बेटातच व्हायची. मामा बांबू हातात धरून शेंडा हलवून पाहत आणि म्हणत, “हाताला कळलं पाहिजे गा.” काय कळायचे, ते त्यांनी कधी उलगडून सांगितले नाही.

मला काठी हवी होती ती मऊ प्लास्टिकच्या आमिषांसाठी. ही आमिषे मूळची अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या अक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ साली साच्यातून मऊ प्लास्टिकचा गांडूळ काढला. तिकडच्या तळ्यांतल्या बास या माशाने त्याला दाद दिली आणि त्याभोवती काठ्यांचे एक शास्त्रच उभे राहिले. आपल्या तळ्यांत बास नाही, पण त्याच्या वृत्तीचा मरळ आहे. वनस्पतींच्या आडोशाला दबा धरणारा, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणारा, जवळून गेलेल्या बेडकावर झडप घालणारा. प्लास्टिकचा मऊ बेडूक त्याच्यासमोरून ओढत नेला तर तोही फसतो.

दुकानात गेलो आणि सगळ्याला चालेल अशी एकच अष्टपैलू काठी मागितली. दुकानदार हसून म्हणाले, “सर, मासा कुठला ते आधी सांगा. काठीचं मग बघू की.” सोमेश्वराचा धडा मी आधीच गिरवला होता, पण तो दुकानात ऐकताना अधिक पटला.

काठीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. पहिली ‘पॉवर’, म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. दुसरी ‘अ‍ॅक्शन’, म्हणजे ती कुठून वाकते. ‘फास्ट’ काठी केवळ वरच्या टोकाशी वाकते, ‘स्लो’ काठी जवळजवळ मुठीपर्यंत. मऊ आमिषाला या दोहोंचा विशिष्ट मेळ लागतो, आणि त्याचे कारण आमिषाच्या रचनेत आहे. केंदाळात अडकू नये म्हणून गळाचे टोक प्लास्टिकच्या अंगात लपवलेले असते. माशाने आमिष तोंडात घेतले की झटका द्यायचा. त्या झटक्याने टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग माशाच्या कठीण जबड्यातून आरपार गेले पाहिजे. काठी मधूनच वाकली तर झटका वाटेतच जिरतो. म्हणजे आमिष जितके मऊ, तितका काठीचा कणा ताठ हवा. शेंडा मात्र हळवा हवा. हलके आमिष त्यानेच दूर फेकले जाते आणि आमिष तळाच्या दगडाला लागले की माशाने चाखले, हे त्यानेच हाताला कळते. फायबरग्लासची काठी दणकट, पण जड आणि किंचित बधिर. कार्बनची हलकी आणि बोलकी, पण दगडावर आपटली की जपावे लागते. मामांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला असा कारखान्यात बनलेल्या काठीवर लागला.

शेवटी घेतली ती सात फुटी कार्बनची, ‘मीडियम-हेवी’ आणि ‘फास्ट’, सात ते एकवीस ग्रॅमचे आमिष फेकणारी. काठावरच्या झुडपांवरून दोर नेण्यास सात फूट पुरतात आणि मोटारसायकलवर बांधून नेतानाही फार त्रास होत नाही. चिमुकल्या आमिषाला ती जाड पडते आणि मोठ्या खडसाला कदाचित अपुरी पडेल. तरीही मी तिला अष्टपैलू म्हणतो. हा शब्द आपण लेखकांनाही सढळ हाताने लावतो, आणि ज्यांना तो खरोखर शोभतो त्यांचा स्वभाव एका जागी पक्का असतो, त्या पक्केपणावर उभे राहून ते चार दिशांना हात पोहोचवतात. सगळीकडून सारखी वाकणारी काठी कुठल्याच कामाची नसते.

आता उरतो तो काठीवर न छापलेला प्रश्न. पावसाळ्यात मरळाची वीण होते. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि खालून आईबाप राखण करतात. त्या दिवसांत पुंजक्याजवळ आलेल्या कशावरही ते तुटून पडतात. भूक नसली तरी. आमिषाला तेव्हा हमखास यश येते आणि राखणदार गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. त्या यशात माझ्या काठीचे किंवा कौशल्याचे काहीच नसते. म्हणून असा पुंजका दिसला की मी दोर गुंडाळून दुसरीकडे जातो. फाटलेली आमिषेही खिशातून घरी आणतो, कारण प्लास्टिकचा गांडूळ खऱ्यासारखा मातीत मिसळत नाही आणि पंचगंगेला आधीच पुष्कळ सोसावे लागते आहे.

उत्तम काठी पाण्याखालची बारीकशी हालचाल हातापर्यंत आणून पोहोचवते. ते कळल्यावर झटका द्यायचा की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.