आमचा आवाज, त्यांचा एक्झॉस्ट

आमच्या पिढीच्या नगरकरांना गल्लीत कोण आलं हे बघायला खिडकीपर्यंत जावं लागत नसे. लुनाचा बारीक, तक्रारखोर सूर आला की शिकवणीचे सर; चेतक खोकत थांबली की बँकेतले काका; येझदी म्हणजे नुकतंच लग्न झालेलं कोणीतरी. आणि बुलेट? ती पोलिसाची, मिलिटरीवाल्याची, नाहीतर उसाचं पेमेंट नुकतंच हातात पडलेल्या पाहुण्याची. ती वेशीपाशी असतानाच कळायची. पाहुणा दारात येईपर्यंत चहाचं आधण ठेवून व्हायचं आणि पोरं हातपाय धुऊन, पुस्तक उघडून, शहाण्यासारखी बसलेली असायची.

आता भाचा पुण्याहून निघाला की शिरूरपासून त्याचा ठिपका बहिणीच्या मोबाइलवर सरकत असतो. सुप्याला चहाला थांबला तेही दिसतं. म्हणजे आपण येतोय हे आवाजानं कळवायची त्याला काही गरज उरलेली नाही. तरी दारात आल्यावर गाडी बंद करण्याआधी तो दोनदा ॲक्सिलरेटर दाबतो. दाबणारच. त्या आवाजाचे त्यानं वेगळे पैसे मोजलेत.

गाडी जर्मन आहे, सहा सिलिंडरची, तीन लिटरची, टर्बो. कंपनीनं दिलेला मागचा पाइप आणि मफलर उतरवून त्यानं परदेशी एक्झॉस्ट बसवून घेतलाय. खर्च लाखांत गेला. नेमका आकडा त्यानं आईला एक सांगितलाय आणि मला एक. पाइपात एक झडप आहे, ती बटणावर उघडते. हायवेला उघडी, सोसायटीत बंद. या जगातलं मोठं नाव म्हणजे अक्रापोविच. स्लोव्हेनियातल्या एका मोटरसायकल रेसरनं काढलेली ही कंपनी, टायटॅनियमच्या पाइपांसाठी प्रसिद्ध. ते नाव घेताना भाचा, गवयी गुरूचं नाव घेताना लावतात तसा, कानाला हात लावतो. निदान मला तसा भास होतो.

आमच्या वेळचं अपग्रेड म्हणजे जाळी काढणं. सायलेन्सरच्या शेपटाचा बोल्ट सोडवायचा, आतली जाळी पकडीनं ओढून काढायची, संपलं. मिस्त्री म्हणायचा, ‘काढून देतो, पण घरी माझं नाव सांगायचं नाही.’ जाळी काढली की गाडी जास्त पळते अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत. खरं तर टू-स्ट्रोकमध्ये पाइपाच्या आकारामुळे परत फिरणाऱ्या दाबाच्या लाटाच ताजं मिश्रण सिलिंडरात रोखून धरतात. आतली रचना बिघडवली की ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त लागतं. पण आवाज वाढला म्हणजे वेग वाढला, एवढंच आमचं शास्त्र, आणि ते काट्यावर पडताळून बघावं तर निम्म्या गाड्यांचा काटा बंद.

जाळीपेक्षा मोठा सोहळा सायलेन्सर जाळण्याचा. आजच्या पोरांना तो सांगूनही खरा वाटत नाही. लुना आमच्या गावची. १९७२ साली आली आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यामुळे नगरात ज्याच्या घरी लुना नाही त्याच्या निदान भावकीत तरी असे. पन्नास सीसीचं ते इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायचं, आणि न जळालेल्या ऑइलचा काळा, चिकट कार्बन सायलेन्सरच्या आत थर धरून बसायचा. गाडी चढाला दम टाकायला लागली, पायडल मारूनही रडायला लागली, की वडील म्हणायचे, ‘चोक झाला.’ मग रविवारी सकाळी गॅरेज.

मिस्त्री पाइप उतरवायचा, आतली नळी ओढून बाहेर काढायचा आणि दोन्हींवर रॉकेल शिंपडून काडी लावायचा. आधी पिवळी ज्योत, मग असा दाट धूर की शेजारचा चहावाला शिव्या देत फडकं हलवायचा. नळी लाल व्हायला आली की चिमट्यानं उचलून दगडावर ठोकायची: ठण्, ठण्, ठण्. प्रत्येक ठोक्याला काळे पापुद्रे गळून पडायचे. नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून ते वाटीत धरून उभं राहणं हे मुलाचं काम. नवं पॅकिंग घालून सगळं पुन्हा जोडलं की पहिल्या पायडलला ढगच बाहेर यायचा, आणि त्या ढगामागून एक मोकळा, सुटा आवाज. वडील एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, ‘नवी झाली.’ नवी झालेली नसायचीच. पण आठवडाभर घरात सगळ्यांचा मूड बरा असायचा.

भाच्याची गाडी आजारी पडली की तिला लॅपटॉप जोडतात. पडद्यावर आकडा येतो, आकड्याला अर्थ असतो, अर्थाला पार्ट असतो आणि पार्ट चेन्नईहून येतो. तीनशेच्या ठिकाणी तीस हजार जातात, पण निदान अचूक होतं. आमचा मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा, ‘टॅपेट वाजतंय.’ कधी टॅपेट निघायचं, कधी निघायचं पिस्टन. तेव्हा आम्ही त्याच्या कानावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा तो कान भरवशाचा नव्हता, हे कबूल. तरी तो ऐकत असताना सगळं गॅरेज गप्प व्हायचं. स्कॅनर लागला की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये जातात.

आमच्या पिढीची ओळखपरेड घ्यायची झाली तर पोटऱ्या तपासाव्यात. सायलेन्सरचा चटका बसला नाही असा माणूस सापडायचा नाही. येझदीनं तर दोन्ही पायांची सोय केली होती: सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, उजवीकडून उतरा की डावीकडून. त्यावर निळी शाई, टूथपेस्ट, खोबरेल, कोरफड, ज्याच्या घरी जे असेल ते. त्यातले बहुतेक उपाय चुकीचे होते. गार पाण्याखाली पाय धरायचं मात्र कोणी सांगितलं नाही. आता पाइपांना उष्णतारोधक कवच असतं, नव्या पोरांच्या पोटऱ्या कोऱ्या आहेत आणि त्याबद्दल हळहळावं एवढा मी म्हातारा झालेलो नाही.

खरं तर त्या दिवसांबद्दल हळहळायला फारशी जागाच नाही. चितळे रोडवर संध्याकाळी भाजी घ्यायला गेलं की टू-स्ट्रोकचा निळा धूर डोळ्यांत झोंबायचा, आणि आम्ही त्याला गजबज म्हणायचो. पेट्रोलमध्ये शिसं होतं. देशभर बिनशिशाचं पेट्रोल सक्तीचं झालं ते २००० साली. तोवर रांगेत उभं राहून ते नाकातोंडात घेतलं, वर ‘पेट्रोलचा वास किती छान’ असंही म्हटलं. ज्या आरएक्स १०० च्या नुसत्या नावानं आमच्यातले टक्कल पडलेले लोक आजही सरळ बसतात, ती १९८५ साली आली आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे १९९६ मध्ये बंद झाली. बरंच झालं. ती अजून विकली जात असती तर तिच्या मागे उभा राहून आज मीच तक्रार केली असती.

आवाजाचंही तसंच. नगर हे रणगाड्यांचं गाव. लष्कराच्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आजी जप न थांबवता म्हणायची, ‘चाललंय त्यांचं.’ त्या आवाजात वाढल्यामुळे आम्हाला वाटे, मोटरसायकलच्या आवाजाची तक्रार ही नाजूक माणसांची गोष्ट. घरात तापलेलं पोर आणि दहावीचा अभ्यास आमच्याही गल्लीत होताच. त्यांना कोणी विचारत नव्हतं एवढंच.

पण एक फरक मला पचत नाही. आमच्या गाडीनं पाइपातून फाडकन आवाज काढला, तर तो रोग होता. टायमिंग हललं, कार्बोरेटर बिघडला, न जळालेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटलं. रस्त्यावरचे लोक दचकायचे आणि आम्ही शरमेनं मान खाली घालून गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यायचो. भाच्यानं तोच रोग विकत घेतलाय. संगणकात नकाशा बदलून घेतला की ॲक्सिलरेटर सोडल्यावर मुद्दाम थोडं पेट्रोल पाइपात जळतं आणि फट्-फट्-फटाक असे बार निघतात. त्याला ते ‘पॉप्स अँड बँग्स’ म्हणतात. काहींना तेवढ्यावरही भागत नाही. बीएमडब्ल्यूनं २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून आत ऐकवायला सुरुवात केली, कारण गाडी फार शांत झाली होती. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं १९९४ साली आपल्या आवाजावर ट्रेडमार्क मागितला होता. वाद चालला आणि २००० साली त्यांनी अर्ज मागे घेतला. आमच्या मिस्त्रीला हे कळलं असतं तर त्यानं ठण् ठण् वर हक्क सांगितला असता.

बुलेटचं दुःख वेगळं. जुनी साडेतीनशे बुलेट सत्तर मिलिमीटर व्यासाची आणि नव्वद मिलिमीटर स्ट्रोकची. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, म्हणून तो सावकाश, अंतर राखून पडणारा ठोका. तो कोणी ठरवून घडवला नव्हता, ते यंत्रच तसं होतं. नव्या इंजिनात कंप मारायला बॅलन्सर शाफ्ट आहे, पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, बीएस-सिक्सचे नियम आहेत. गाडी कितीतरी चांगली झाली. ऑइल गळत नाही, किक उलटून नडगी फुटत नाही. मग शेवगाव-नेवाशाकडची बागायतदारांची पोरं तिला पंजाबी पुंगळी, इंदोरी पुंगळी असले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावतात आणि प्रोफेसर कॉलनी चौकात फटाके उडवतात. त्यांना आजोबांच्या बुलेटसारखा आवाज हवा असतो. आजोबांची बुलेट फटाके उडवत नव्हती, हे त्यांना सांगायला आजोबा नाहीत.

पोलिस अशा पुंगळ्या जप्त करतात, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत त्या रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवला गेलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचं मानक मोडल्याबद्दल कायद्यात दहा हजारांपर्यंत दंडाची किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची, अथवा दोन्हींची तरतूद आहे. मानकही अगदी काटेकोर. चाचणीच्या धावपट्टीवर गाडी साधारण ताशी पन्नासनं आणायची, ठरलेल्या रेषेपासून वीस मीटर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकनं ऐकायचं. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबल, मोटारीला ७४. गंमत अशी, की वाहनांना असं प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, आमच्याच नगरात आहे. गावाच्या एका टोकाला आवाजाला प्रमाणपत्र मिळतं आणि दुसऱ्या टोकाला त्याची जाळी निघते. हे मात्र तेव्हाही तसंच होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत लुना परत आली, विजेवर. मी ती चालवून पाहिली. धूर नाही, ऑइल नाही, किक नाही, पायडल नाही. जळायला सायलेन्सरच नाही. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही सापडेना, आणि त्याचाच जरा राग आला.

भाच्याच्या गाडीचा मूळ पाइप पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, म्हणून तो आमच्या नगरच्या घरी माळ्यावर आहे, जुन्या येझदीच्या दोन सायलेन्सरशेजारी. दिवाळीत माळा साफ करताना आईला तो सापडला. ‘हा मोडलाय का?’ तिनं विचारलं.

‘नाही गं आजी, चांगला आहे. गाडी विकताना परत लावून द्यायचा.’

‘आणि विकणार कधी?’

‘अजून दोन-तीन वर्षांनी.’

‘मग तोवर भाडं दे,’ आई म्हणाली, ‘तुझ्या मामाचे दोन पाइप तर फुकटच बसलेत चाळीस वर्षं.’