एन्ट्रीला पडलेली टाळी

आमच्या गंगाखेडात मोठा माणूस आला की आधी त्याच्या पाया पडायचं, ही रीत. जनाबाईच्या मंदिरात कीर्तनाला बुवा उभे राहतात तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. विणेकऱ्याला नमस्कार होतो, मृदंगावर थाप पडते, आणि मग नामाच्या ठेक्यावर सगळ्यांचे हात चालू लागतात. गोदावरीच्या काठी वाढलेल्या आम्हा लेकरांना टाळी ठाऊक होती ती हीच. एखादं माणूस नुसतं दिसलं म्हणून वाजवलेली टाळी मी पहिल्यांदा ऐकली ती माळेगावच्या यात्रेत.

लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोड्यांचा, उंटांचा, गाढवांचा बाजार आणि रात्री तंबूतले तमाशे. काका जनावरं बघायला निघाले, मी त्यांच्या मागं लागलो. रात्री तमाशात गण झाला, गवळण सुरू झाली. बाया आल्या त्या पाठमोऱ्या. चेहरा दिसायच्या आतच तंबू शिट्ट्यांनी आणि टाळ्यांनी दणाणून गेला, पुढच्या रांगेतले दोन फेटे वर उडाले. मी काकांना विचारलं, अजून तर तिनं पाऊलसुद्धा टाकलं नाही, मग टाळ्या कशाच्या? काका म्हणाले, “मागच्या साली नाचली होती की. त्याचं देयाचं राहिलं होतं.”

काकांचं ते उत्तर मी आजही खरं मानतो. तंबूतून निघताना माणूस शेवटचा टेम्पो गाठायच्या घाईत असतो, आणि ऐकलेलं अंगात मुरतं ते पुढं महिनाभर, शेतात, बाजेवर पडल्या पडल्या. ते द्यायचं केव्हा? पुन्हा ती बाई समोर येईल तेव्हाच.

पुढे शिकायला औरंगाबादला गेलो आणि तिथं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलं. लक्ष्मण देशपांडे तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले, म्हणून आम्हा पोरांचे ते सरच. सर रंगमंचावर आले आणि नाट्यगृहानं त्यांना भरभरून टाळी दिली. ती ओळखीची होती, काकांनी सांगितलेल्या हिशेबातली. पण एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करत होता. एकेक पात्र येत होतं ते फक्त आवाजातून, मानेच्या एका झटक्यातून. विंगेतून कुणीच येत नव्हतं, तरी गावाकडचा एखादा म्हातारा त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बोलला की लोक त्याच्या एन्ट्रीला टाळी देत होते.

त्या टाळीत आणखी काहीतरी होतं, आणि ते मला त्या रात्री होस्टेलच्या वाटेवर कळलं. शहरात आल्यापासून मी बोलताना जपून बोलत होतो. ‘देयाचं’ तोंडात आलं की गिळून ‘द्यायचं’ म्हणत होतो. आणि इथं माझ्या मायची, चुलत्याची, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांची बोली भर रंगमंचावर चालत आली होती, आणि हजारभर माणसं तिला ‘ये’ म्हणत होती. मराठवाड्याच्या बोलीला इतकी मोठी एन्ट्री त्याआधी मी पाहिली नव्हती. माझे हात दुखेपर्यंत मी टाळ्या वाजवल्या.

पुण्यात प्रायोगिक नाटकं करणारे मित्र भेटले. त्यांना ही टाळी अजिबात खपत नसे. नाटकातलं घर उभं राहिलेलं असतं, आणि दारातून बाप आत येताना लोक नटाला ओळखतात; बाप तिथंच संपतो, असं त्यांचं म्हणणं. ते मी नाकारत नाही. मालिकेतला चेहरा दिसताच टाळ्या उठतात आणि समोरचा सहकलाकार अर्धं वाक्य तोंडात धरून ताटकळतो, हे मी अनेकदा पाहिलंय. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या काळातले प्रेक्षक सांगतात, जाहिरातीत त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी, ‘आणि’ या शब्दानंतर यायचं. त्यांनी रंगवलेला लाल्या रंगमंचावर येईपर्यंत लोकांचे हात आधीच शिवशिवत असायचे. जपानच्या काबुकीत तर जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याचं नावच मोठ्यानं पुकारतात, आणि ती हाक त्या खेळाचाच भाग असते.

या भांडणाचं सगळ्यांत सुंदर उत्तर मला ‘नटसम्राट’मध्ये सापडलं. शिरवाडकरांचं हे नाटक 1970च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभं केलं. मी पाहिलं ते फार नंतर, दुसऱ्या संचात. नाटक उघडतं तेच गणपतराव बेलवलकरांच्या सत्काराला. थकलेला थोर नट समोरच्या लोकांशी बोलतोय, आणि समोरचे लोक म्हणजे आपणच. मोठ्या नटाला पडलेली टाळी बेलवलकरांच्या नावावर जमा होते. पुढं तोच माणूस रस्त्यावर येतो, तेव्हा ज्यांनी सुरुवातीला टाळ्या वाजवल्या त्यांच्याच घशाशी हुंदका येतो. इथं ती टाळी काढून टाकली तर नाटकच उणं होईल.

आता मी गावातच पोरांची नाटकं बसवतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर घेऊन जातो. यांना एन्ट्रीला टाळी पडावी असं मागचं देणं कुणाकडं नसतं. कधी तिसऱ्या रांगेतून एखादी आई वाजवते, तेवढीच. तरी तालमीत मी ते शिकवतोच. टाळी आली तर प्रेक्षकांकडं बघायचं नाही, हसायचं नाही, पात्राचा श्वास सोडायचा नाही. आवाज पुरता थांबायची वाट बघू नका. उतरायला लागला की पहिलं वाक्य टाका.

परवा नववीतली एक पोरगी म्हणाली, “सर, आन् नाहीच पडली तर?”

म्हटलं, “तर लगेच बोलायचं. तुझं पहिलं वाक्य फार चांगलं आहे.”